संशोधनाच्या पैशाची पंगत आणि तिथला पंक्तिप्रपंच

पंक्तिप्रपंच हा शब्द हल्ली फारसा ऐकू येत नाही. पंगतीच राहिल्या नाहीत, बुफेत ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. अर्थ सरळ आहे: एकाच रांगेत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं. ओळखीच्या पानात चार जिलब्या, अनोळखी पानात एक. जुन्या माणसांना हे पाप वाटायचं. आणि त्याच माणसांनी 'वाढणारा आपला असला की पंगतीत कुठेही बसलं तरी चालतं' असंही म्हणून ठेवलं आहे. म्हणजे तत्त्वही ठाऊक होतं आणि व्यवहारही.

सरकार लहान कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देतं तेव्हा हाच प्रश्न जरा अवघड रूपात उभा राहतो. जेवणाच्या पंगतीत निदान भूक सगळ्यांची सारखी धरता येते. संशोधनात सगळ्यांना सारखं वाटलं तर तो न्याय म्हणायचा की उधळपट्टी? गुणवत्तेवर द्यायचं म्हटलं तर ती ओळखणार कोण, आणि कशावरून? ज्याला मागच्या वर्षी मिळालं त्याला यंदा पुन्हा द्यायचं का? अमेरिकेतली एक योजना या प्रश्नांशी चाळीसहून जास्त वर्षं झुंजते आहे. तिथे काय काय घडलं ते नीट पाहिलं, तर आपल्याकडच्या अशा योजनांकडे बघायलाही एक नजर मिळते. म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल.

तिचं नाव स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च, थोडक्यात एसबीआयआर. १९७७ साली नॅशनल सायन्स फाउंडेशन (विज्ञान प्रतिष्ठान) या सरकारी संस्थेत रोलंड टिबेट्स नावाच्या अधिकाऱ्याने ती छोट्या प्रमाणावर सुरू केली. तोवर सरकारचा संशोधनाचा पैसा विद्यापीठांना, सरकारी प्रयोगशाळांना आणि मोठ्या कंपन्यांना जायचा. लहान कंपनीकडे कल्पना असली तरी तिला दारात उभं करायला कोणी तयार नसे. टिबेट्सची युक्ती साधी होती. आधी थोडे पैसे द्यायचे आणि कल्पनेत दम आहे का ते बघायचं. असेल तर मोठी रक्कम द्यायची. २२ जुलै १९८२ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली आणि हाच प्रयोग देशभर लागू झाला. विद्यापीठांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण हा पैसा नव्याने येणार नव्हता, त्यांच्याच ताटातून निघणार होता.

कायद्याची रचना अशी. ज्या सरकारी खात्याचं बाहेरच्यांकडून संशोधन करून घेण्याचं वार्षिक बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने त्यातला ठराविक टक्का लहान कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. सुरुवातीला तो टक्का ०.२ इतका नगण्य होता. तो वाढत वाढत ३.२ वर आला. १९९२ मध्ये एसटीटीआर ही जोडयोजना आली. तिच्यात लहान कंपनीने विद्यापीठाशी किंवा संशोधन संस्थेशी भागी करायची असते, आणि तिचा टक्का वेगळा, ०.४५. आज ११ खाती यात आहेत: संरक्षण, आरोग्य, ऊर्जा, नासा, शेती वगैरे. सगळं मिळून वर्षाला ४०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम होते आणि त्यातला साधारण निम्मा वाटा एकट्या संरक्षण खात्याचा असतो.

पहिल्या टप्प्यात सहा महिने ते वर्षभराचं काम, रक्कम जास्तीत जास्त ३ लाख डॉलरच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यात साधारण दोन वर्षं आणि २० लाख डॉलरच्या आसपास. तिसऱ्या टप्प्याला या योजनेतून पैसा मिळत नाही, पण सरकार तयार झालेली वस्तू विकत घेऊ शकतं, आणि तेही नव्याने स्पर्धा न घेता. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पहिली चिठ्ठी लागली की मागच्या दारानेही आत जाता येतं, असा याचा अर्थ. हे पैसे कर्ज नसतात आणि त्याबदल्यात सरकार कंपनीत हिस्साही मागत नाही. क्वालकॉम, सिमँटेक, आयरोबॉट या कंपन्या लहान असताना त्यांनी हे पैसे घेतले होते.

लहान म्हणजे केवढं?

वाटपाचा पहिला न्यायनिवाडा व्याख्येतच होऊन जातो. या योजनेत 'लहान' म्हणजे ५०० पर्यंत कर्मचारी. भोसरीत वीस माणसांचं युनिट चालवणाऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल. आपल्याकडे लहान-मोठं ठरतं ते यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीवर आणि उलाढालीवर. तिथे डोकी मोजतात. परिणाम असा की दोन मैत्रिणींनी गॅरेजमध्ये काढलेली कंपनी आणि चारशे शास्त्रज्ञांची कंपनी एकाच रांगेत उभ्या राहतात. दुसरीकडे प्रस्ताव लिहिण्यासाठीच स्वतंत्र विभाग असू शकतो. पहिलीत प्रस्ताव रात्री जेवणं उरकल्यावर लिहिला जातो.

मग मालकीचा प्रश्न. कंपनी निम्म्याहून जास्त अमेरिकी नागरिकांच्या किंवा कायम रहिवाशांच्या, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या मालकीची हवी. २००१ मध्ये एका निवाड्यात असं ठरलं की व्हेंचर कॅपिटल फंड, म्हणजे हिस्सा घेऊन नव्या कंपन्यांत जोखमीचा पैसा घालणारा फंड, ही काही 'व्यक्ती' नव्हे, तेव्हा ज्या कंपनीची बहुतांश मालकी अशा फंडांकडे आहे ती अपात्र. औषधं आणि जैवतंत्रज्ञान क्षेत्रात हलकल्लोळ झाला. तिथे एक औषध बाजारात आणायला इतका पैसा लागतो की फंडांना हिस्सा दिल्याशिवाय गत्यंतर नसतं. एक बाजू म्हणे, ज्यांना बाजारातून पैसा मिळालाय त्यांना सरकारने कशाला द्यायचा? दुसरी म्हणे, ज्यांच्यावर जाणत्यांनी पैज लावलीय त्यांनाच बाहेर काढायचं, हा कुठला शहाणपणा? हा वाद दहा वर्षं चालला. २००८ ते २०११ या काळात योजनेला चौदा वेळा तात्पुरती मुदतवाढ द्यावी लागली. शेवटी २०११ च्या कायद्यात मधला मार्ग निघाला: आरोग्य संशोधन संस्था, ऊर्जा खातं आणि विज्ञान प्रतिष्ठान यांनी आपल्या एसबीआयआर रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत अशा कंपन्यांना द्यायला हरकत नाही, बाकीच्या खात्यांनी १५ टक्क्यांपर्यंत.

ग्रीन कार्डाची अट तिकडच्या मराठी मंडळींना चांगलीच भोवते. एच-वन-बी व्हिसावर असलेला, भारतात जन्मलेला इंजिनिअर ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकून पडतो. त्याच्या डोक्यात कल्पना असेल, हातात कौशल्य असेल, पण कंपनीचा बहुतांश मालक तो असला तर या योजनेपुरती ती कंपनी अस्तित्वातच नाही. मग भागीदार शोधायचा, ५१ टक्के त्याच्या नावावर करायचे आणि आपल्याच कंपनीत धाकटा होऊन राहायचं. अमेरिकी करदात्याच्या बाजूने या अटीचं समर्थन करता येतं, मी ते नाकारत नाही. पण 'गुणवत्तेवर वाटप' हे शब्द गुणवत्ता तपासण्याआधीच किती जणांना गाळून मग उच्चारले जातात, ते यातून दिसतं.

एका चुलीवर चार भांडी

१९८२ च्या कायद्याने योजनेला चार उद्दिष्टं दिली. नवं तंत्रज्ञान घडावं. सरकारी खात्यांच्या संशोधनाच्या गरजा लहान कंपन्यांकडून भागाव्यात. अल्पसंख्य आणि वंचित गटांचा सहभाग वाढावा. आणि सरकारी पैशातून झालेलं संशोधन बाजारात यावं.

चारही चांगली आहेत, पण एकमेकांच्या पायात पाय घालतात. बाजारात यावं हे मुख्य धरलं, तर पैसा अशांना द्यायला हवा ज्यांच्याजवळ गिऱ्हाईक आणि गुंतवणूकदार आहेत, म्हणजे बहुधा कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या कंपन्यांना. सहभाग वाढावा हे धरलं, तर माँटानातल्या पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला. नौदलाला पाणबुडीसाठी एक खास सेन्सर हवा असेल, तर तो ज्याला जमतो त्यालाच, मग ती त्याची पन्नासावी वेळ का असेना. अमुक वाटप अन्यायाचं आहे असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, या चारपैकी कोणत्या मापाने? एका मापाने जो पंक्तिप्रपंच, तो दुसऱ्या मापाने नेमकेपणा ठरतो.

गिरण्या

आता सगळ्यात गाजलेला वाद. काही कंपन्या वर्षानुवर्षं, एकामागून एक, डझनांनी अनुदानं मिळवतात. टीकाकारांनी त्यांना 'एसबीआयआर मिल' असं नाव ठेवलंय. मिल म्हणजे गिरणी: वरून सरकारी विषय ओतायचा, खालून अहवाल बाहेर. त्यांच्यावरचा आरोप असा, की यांचा धंदा वस्तू विकण्याचा नाही, सरकारला संशोधन विकण्याचा आहे. अनुदान हे त्यांच्या प्रवासातलं स्टेशन राहिलं नाही, मुक्कामाचं गाव झालं.

त्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. संरक्षण खात्याला जे हवं असतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींना बाजारच नसतो. एका विशिष्ट क्षेपणास्त्राच्या नाकावर बसवायची खिडकी घ्या. तिचं गिऱ्हाईक जगात एकच. अशा कामाला गुंतवणूकदार कशाला पैसे घालील? ते करायला अनुभवी, दारूगोळ्याचे नियम माहीत असलेली, गुप्ततेच्या परवानग्या मिळवलेली माणसं लागतात. अशा कंपन्या म्हणतात, आम्ही काही फुकटे नाही, आम्ही भाड्याने मिळणारी प्रयोगशाळा आहोत. आणि वारंवार जिंकतो ते आम्हाला हे काम येतं म्हणून.

कायद्याने यावर चाळण्या बसवल्या आहेत. पाच वर्षांत पहिल्या टप्प्याची वीसहून जास्त अनुदानं घेतलेल्या कंपनीने त्यातली निदान चारात एक दुसऱ्या टप्प्यापर्यंत न्यायला हवी. दुसऱ्या टप्प्याची पुष्कळ अनुदानं घेतलेल्यांना विक्री किंवा बाहेरची गुंतवणूक दाखवावी लागते. २०२२ च्या मुदतवाढीत, फारच जास्त अनुदानं मिळवणाऱ्यांसाठी हे उंबरठे आणखी उंच केले. त्याच वेळी कंपनीचे परदेशांशी, मुख्यतः चीनशी, काय लागेबांधे आहेत हे तपासण्याची अटही आली.

ते पुरेसं नाही असं आयोवाच्या सिनेटर जोनी अर्न्स्ट यांचं म्हणणं. त्यांच्या २०२५ च्या विधेयकात एका कंपनीला आयुष्यभरात साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळू नये अशी तरतूद होती, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी ४० हजार डॉलरची छोटी, सुटसुटीत अनुदानं. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एड मार्की यांना योजना कायमची करायची होती आणि अशी सरसकट मर्यादा मान्य नव्हती. तडजोड झाली नाही. ३० सप्टेंबर २०२५ ला योजनेची मुदत संपली आणि नवी अनुदानं देण्याचा अधिकारच लटकला. या ओढाताणीत अनुभवी कंपन्यांची अडचण झाली, पण त्यांच्या हातात जुनी कंत्राटं होती. पहिला टप्पा नुकताच संपवून दुसऱ्याची वाट बघणारी सहा जणांची कंपनी पगार कशातून देणार? न्याय्य वाटपासाठी चाललेल्या भांडणाचा पहिला चटका ज्यांच्यासाठी भांडण चाललं होतं त्यांनाच बसला.

कट-ऑफच्या अलीकडचे आणि पलीकडचे

मत बाजूला ठेवू. पैशाचा उपयोग नेमका कोणाला होतो हे मोजता येतं का? येतं, आणि त्याची पद्धत मोठी सुंदर आहे.

अनुदान मिळालेली कंपनी पुढे मोठी झाली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती मुळातच हुशार असेल, अनुदान नसतं तरी मोठी झाली असती. अकरावीच्या प्रवेशाचं उदाहरण घ्या. नामांकित कॉलेजातली मुलं पुढे चमकतात, ती कॉलेजमुळे की मुळात चांगली म्हणून? हे शोधायचं तर ९५ टक्केवाल्याची ६० टक्केवाल्याशी तुलना करून भागत नाही. कट-ऑफ ९२.४ ला थांबला असेल, तर ९२.४ मिळून आत गेलेला आणि ९२.२ ला हुकलेला, या दोघांची तुलना करायची. त्यांच्यात मुळात फरक जवळपास नाहीच. नशिबाने एक रेषेच्या आत पडला, एक बाहेर.

सबरीना हॉवेल या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकी ऊर्जा खात्याच्या १९८३ ते २०१३ मधल्या अर्जांवर हेच केलं. खात्याचे अधिकारी अर्जांना क्रमांक देत असत. रेषा कुठे पडेल हे बजेटवर ठरायचं. रेषेच्या अगदी जवळच्या दोन्ही बाजूंच्या कंपन्यांची तुलना केल्यावर दिसलं, की पहिल्या टप्प्याच्या दीड लाख डॉलरमुळे कंपनीला पुढे व्हेंचर कॅपिटल मिळण्याची शक्यता साधारण १० टक्क्यांवरून १९ वर जाते. जवळजवळ दुप्पट. त्या पैशातून नमुना तयार होतो, चाचणी होते, आणि गुंतवणूकदाराला दाखवायला हातात काहीतरी येतं. फायदा सगळ्यात जास्त कोणाला? तरुण, पैशाची चणचण असलेल्या कंपन्यांना. आधीच पुष्कळ अनुदानं खाल्लेल्यांना तेच पैसे फार कमी उपयोगी पडले. आणि दुसऱ्या टप्प्याच्या दहा लाखांचा मोजण्याजोगा परिणाम जवळपास दिसलाच नाही.

हार्वर्डच्या जोश लर्नर यांनी १९९९ मध्ये वेगळ्या मार्गाने असंच काही मांडलं होतं. अनुदानवाल्या कंपन्या दहा वर्षांत इतरांपेक्षा बऱ्याच वाढल्या, पण फक्त अशा पिन कोडांत जिथे व्हेंचर कॅपिटलची वर्दळ आधीपासून होती. आणि एकाऐवजी अनेक अनुदानं मिळवणाऱ्यांची कामगिरी काही जास्त चांगली निघाली नाही.

या दोन्हींतून माझ्या मते एक गोष्ट बरीच स्पष्ट होते. थोडे पैसे जास्त नव्या लोकांना देणं हे इथे भूतदया म्हणून करायचं काम नाही. तोच पैशाचा चांगला वापर आहे. न्याय आणि कार्यक्षमता यांत एक निवडा असं आपल्याला सहसा सांगितलं जातं. निदान पहिल्या टप्प्यावर ती दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

प्रश्नपत्रिका कोण काढतो

मग गिरण्या तयारच का होतात? मर्यादा घालण्याआधी हे विचारायला हवं होतं. याचं सगळ्यात चांगलं उत्तर अमेरिकी हवाई दलाकडून मिळालं, आणि तेही जवळजवळ अपघाताने.

परंपरेने संरक्षण खात्यात विषय वरून ठरतात. अधिकारी लिहितो: अमुक इंजिनाच्या तमुक भागासाठी, इतक्या तापमानाला टिकणारा, इतक्या जाडीचा लेप हवा. हे वाचून किती जण अर्ज करणार? ज्यांनी मागच्या वेळी तसाच लेप केला होता ते. तोवर त्यांची त्या अधिकाऱ्याशी ओळख झालेली असते, त्याची पुढची गरज काय हेही त्यांना आधीच समजतं. यात कुठेही लाच नाही, वशिला नाही, नियमभंग नाही. परीक्षक अगदी प्रामाणिकपणे सर्वोत्तम प्रस्ताव निवडतात. पण प्रश्नपत्रिकाच अशी निघालीय की ती सोडवणारे मोजकेच. वाढणारा आपला असण्याची गरजच उरली नाही. जेवायला कोण येणार हे स्वयंपाक ठरवतानाच ठरलं.

२०१८ मध्ये हवाई दलाने काही रकमेपुरता विषय खुला सोडला. तुमच्याकडे काय आहे ते सांगा आणि आमच्या कोणत्या कामाला येईल ते पटवून द्या, एवढंच. अर्ज छोटा, पहिल्या टप्प्याची रक्कमही साधारण ५० हजार डॉलर, नेहमीच्या एक तृतीयांश. मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी 'पिच डे' भरवला. कंपन्यांनी मंचावर मांडणी करायची, लगेच निर्णय, आणि पैसे सरकारी क्रेडिट कार्डाने त्याच बैठकीत, सरासरी १५ मिनिटांत. त्या दिवसांत ५१ कंत्राटं झाली. सरकारी बिलं काढताना ज्यांच्या चपला झिजल्या आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

हॉवेल आणि सहकाऱ्यांनी पुन्हा रेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्यांची तुलना केली. खुल्या विषयाला आलेल्या कंपन्या वयाने लहान होत्या, आकाराने लहान होत्या, आणि बऱ्याच जणी संरक्षण खात्याच्या दारात पहिल्यांदाच आल्या होत्या. जिंकल्यावर त्यांना पुढे व्हेंचर कॅपिटल मिळण्याची शक्यता वाढली आणि योजनेबाहेरची लष्करी कंत्राटंही. जुन्या पद्धतीच्या विषयात जिंकलेल्यांच्या बाबतीत यातलं फारसं काही झालं नाही. त्यांची एकच शक्यता ठळकपणे वाढली: पुन्हा एसबीआयआर जिंकण्याची!

म्हणजे गिरणी ही कंपनीच्या लबाडीतून जन्मते हे अर्धंच खरं. तिला आपल्या विषय ठरवण्याच्या पद्धतीने खात्यानेच वाढवलेलं असतं. म्हणून साडेसात कोटींची सरसकट मर्यादा मला कुऱ्हाडीने नखं कापण्यासारखी वाटते. खिडकी बनवणाऱ्या खऱ्या कारागिरालाही ती लागणार, आणि खरी गिरणी दुसऱ्या नावाने दुसरी कंपनी काढून मोकळी होणार. सगळेच विषय खुले करा असंही मी म्हणणार नाही. पाणबुडीला जे हवं ते हवंच. पण किती रक्कम खुल्या विषयांना, हा आकडा मर्यादेच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका आहे.

उंबरठ्याचा खर्च

अर्ज करायला फी नसते, पण अर्ज फुकटही नसतो. आरोग्य खात्याकडे जायचं तर आधी चार-पाच वेगवेगळ्या संकेतस्थळांवर कंपनीची नोंदणी, त्यालाच कित्येक आठवडे. मग प्रस्ताव, मग निकालाची वाट. कायद्याने बहुतेक खात्यांना ९० दिवसांत निकाल कळवायला सांगितलंय, पण आरोग्य संशोधन संस्थेला आणि विज्ञान प्रतिष्ठानला वर्षभराची सवलत आहे. वर्षभर थांबू शकणं हीच एक श्रीमंती आहे. विज्ञान प्रतिष्ठानने यावर एक बरा उपाय काढला. आधी तीन पानांचं टिपण पाठवा. आम्हाला रस वाटला तरच पूर्ण प्रस्ताव लिहा. नकार मिळाला तरी दोन महिने वाया जात नाहीत. केंटकी आणि नॉर्थ कॅरोलायनासारखी राज्यं पहिला टप्पा जिंकलेल्या आपल्या कंपन्यांना स्वतःच्या तिजोरीतून जोडरक्कम देतात, म्हणजे दोन टप्प्यांमधल्या कोरड्या महिन्यांत कंपनी तग धरते. ज्या राज्यांत गुंतवणूकदार फिरकत नाहीत तिथे हे फार कामाचं ठरतं.

परीक्षकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ४३ परीक्षकांकडून २५ वैद्यकीय प्रस्ताव तपासून घेतले. प्रस्ताव विद्यापीठांचे होते, लहान कंपन्यांचे नव्हते, आणि सगळे दर्जेदारच होते. पण एकाच प्रस्तावाबद्दल वेगवेगळ्या परीक्षकांचं मत जुळतच नव्हतं. अगदी टाकाऊ प्रस्ताव ओळखणं सोपं असतं, पण चांगल्या वीसांतून सर्वोत्तम पाच काढताना गुणांच्या दशांशामागे बराचसा योगायोगच असतो.

मग त्या वीसांत सरळ सोडत का काढू नये? ऐकायला विचित्र वाटतं, पण न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद एका छोट्या अनुदानासाठी २०१३ पासून हेच करते. किमान दर्जा तपासायचा आणि पात्र ठरलेल्यांत चिठ्ठ्या टाकायच्या. ब्रिटिश अकॅडमीनेही २०२२ मध्ये आपल्या छोट्या अनुदानांसाठी हा मार्ग धरला. म्हाडाच्या सोडतीत ज्याचं घर हुकलं तो नशिबाला बोल लावतो. 'तुझी लायकी नव्हती' असं त्याला कोणी सांगत नाही. पहिल्या टप्प्याच्या छोट्या रकमांसाठी ही पद्धत मला पटते. दुसऱ्या टप्प्याला नाही. तिथे हातात नमुना असतो, तो चालतो की नाही ते बघता येतं.

आपल्याकडे

भारताने या योजनेचं नावसुद्धा जवळपास तसंच उचललं. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह सुरू केली. २०१२ मध्ये बायरॅक ही सरकारी कंपनी आली आणि तिच्या 'बिग' योजनेत अगदी सुरुवातीच्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं. कंपनी नसलेल्या एकट्या माणसालाही अर्ज करता येतो. तिची मला आवडलेली गोष्ट अशी, की सगळं दिल्लीहून चालत नाही. पुण्याचं व्हेंचर सेंटर, बेंगळुरूचं सी-कॅम्प, हैदराबादचं आयकेपी, भुवनेश्वरचं केआयआयटी अशा भागीदार संस्था अर्ज हाताळतात आणि निवडलेल्यांना पुढे हाताशी धरतात. पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या व्हेंचर सेंटरमध्ये जाऊन समोरासमोर विचारता येणं ही साताऱ्याच्या माणसासाठी साधी सोय नाही.

संरक्षणात २०१८ पासून आयडेक्स ही लहान आणि नव्या कंपन्यांसाठीची योजना आहे. तिच्यात सेनादलं आपापल्या अडचणी जाहीर करतात, म्हणजे प्रश्नपत्रिका वरूनच निघते. पण सोबत 'ओपन चॅलेंज'ही आहे, जिथे विषय अर्जदार सुचवतो. अमेरिकी हवाई दलाचा धडा इथे आयता वापरता येईल. अडचण आहे ती वेगळ्याच अटीत. दीड कोटीपर्यंतचं अनुदान मिळतं ते जोडीला तितकाच वाटा स्वतः घालायचा या बोलीवर. उद्देश चांगला, की माणसाने स्वतःचंही काही पणाला लावावं. पण ज्याच्या नावावर गहाण ठेवायला फ्लॅट आहे तो ही अट पार करतो आणि भाड्याच्या गाळ्यात बसलेला चाचपडतो. त्यात पुढचा हप्ता हा आधीच्या हप्त्याच्या यूसीवर, म्हणजे खर्चाच्या दाखल्यावर, अवलंबून असतो. हप्ता लांबला की कारागिरांचा पगार मालकाच्या खिशातून.

गंमत अशी, की सरकारी खरेदीत आपण वाटे अगदी काटेकोरपणे पाडले आहेत. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी खरेदीतला निदान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, ३ टक्के महिलांकडून. नटबोल्ट आणि खुर्च्यांसाठी हे चालतं, पण संशोधनाच्या बजेटातून ठराविक टक्का लहान उद्योगांना, असा सर्व खात्यांना बांधणारा नियम आपल्याकडे नाही. इथे वेगवेगळ्या योजना आहेत, ज्या मंत्रालयाच्या मर्जीने येतात आणि वाढतात किंवा सुकतात.

अमेरिकेत गिरण्यांवर भांडता आलं त्याचं एक कारण फारच साधं आहे. तिथे १९८३ पासूनच्या अनुदानांची नोंद एकाच संकेतस्थळावर आहे: कंपनी, गाव, वर्ष, रक्कम, विषय. कोणीही बसून मोजावं, कोणाला कितव्यांदा मिळालं. आपल्याकडे विजेत्यांचे फोटो छापून येतात. मला त्यांच्याशेजारी एक तक्ता हवा आहे: एकूण अर्ज किती आले, त्यात पहिल्यांदाच करणारे किती, पहिला हप्ता खात्यात जमा व्हायला किती दिवस लागले, आणि सांगली, लातूर, चंद्रपूर इथून आलेले अर्ज कोणत्या पायरीवर गळाले.